सहा महिन्यांची शाळा आणि तिचा पहिला आठवडा

(पोस्ट लांबली आहे. पण विषय लेकरांचा आहे, म्हणून वेळ काढून वाचा.)

दसरा झाला की आमच्या बालाघाटाच्या गावांत दोन याद्या तयार व्हायला लागतात. एक मुकादमाच्या वहीत. कोणत्या गाडीत किती कोयते, कुणाला किती उचल दिली, कोण कुठल्या कारखान्याला. दुसरी यादी शाळेत, मुख्याध्यापकांच्या टेबलावर. कुणाचे आईबाप जाणार, कुणाच्या घरी आजी आहे, कोणतं लेकरू मागं राहू शकतं. पहिली यादी कधी चुकत नाही आणि कधी उशिरा होत नाही, कारण तिच्यात पैसा अडकलेला असतो. आज बोलायचंय ते दुसऱ्या यादीबद्दल.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी आधी थोडं सांगतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी लाखोंनी माणसं ऊसतोडीला जातात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवाळीच्या आगंमागं गाड्या भरतात, मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. एवढे सहा महिने लेकरांचं काय, या प्रश्नावर सरकारनं काढलेला तोडगा म्हणजे हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृह असलं तरी इमारत-बिमारत डोळ्यापुढं आणू नका. गावातलीच जिल्हा परिषदेची शाळा, शाळा व्यवस्थापन समितीनं चालवायची सोय. दुपारची खिचडी पोषण आहाराची असतेच, सकाळचं आणि रात्रीचं जेवण वसतिगृहाचं. बहुतेक ठिकाणी लेकरू जेवतं शाळेत आणि झोपायला जातं आजीकडं, नाहीतर चुलत्याकडं. म्हणजे अर्ध्या वर्षाची निवासी शाळा, तीही स्वतःच्याच गावात. यात गंमत अशी की लेकरू घर सोडून कुठंच जात नाही. घरच त्याला सोडून जातं.

अर्ध्या वर्षाची निवासी शाळा ही कल्पना आपल्याकडं नाइलाजातून आली. जगात दुसरीकडं ती हौसेतून आलीय. अमेरिकेत व्हरमाँट राज्यात १९८४ साली डोंगरातल्या एका शेतावर अशी शाळा सुरू झाली. अकरावीतल्या मुलांनी आपली नेहमीची शाळा एका सत्रापुरती सोडायची, शेतावर येऊन राहायचं, शिकायचं, लाकडं फोडायची आणि सत्र संपलं की परत आपल्या शाळेत जायचं. पुढं अशा शाळा वाढत गेल्या. त्यातली मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी शाळा आहे बहामातल्या एल्युथेरा बेटावरची. तिचं नावच ‘द आयलंड स्कूल’. न्यू जर्सीतल्या एका नामांकित शाळेत शिकवणाऱ्या ख्रिस मॅक्सी या मास्तरानं आणि त्याची बायको पॅम हिनं १९९९ साली ती सुरू केली. मॅक्सी त्याआधी अमेरिकी नौदलाच्या कमांडो दलात होता.

एल्युथेरा हे बेट म्हणजे समुद्रात टाकलेली दोरी. लांबी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, रुंदी बऱ्याच ठिकाणी दोन-तीन किलोमीटर. एका बाजूला खवळलेला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला शांत उथळ पाणी. एका जागी तर बेट इतकं चिंचोळं होतं की फक्त पुलाएवढीच जागा उरते. तिथून उभं राहून डावीकडं गडद निळं आणि उजवीकडं हिरवट असे दोन समुद्र एकदम दिसतात. या बेटाच्या दक्षिण टोकाला ही शाळा. एका सत्राला पन्नासेक पोरं-पोरी, वय पंधरा-सोळा, बहुतेक अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतली. मुक्काम शंभरेक दिवसांचा. मोबाईल बंद. पाणी पावसाचं साठवलेलं, म्हणून अंघोळ मोजून मापून. वीज बरीचशी सूर्याची. पहाटे उठून ध्वजाभोवती गोल करायचा आणि मग धावायचं, पोहायचं, परत धावायचं. सत्राच्या शेवटी एकतर अर्धी मॅरेथॉन धावायची नाहीतर चार मैल समुद्रात पोहायचं. शिवाय एकट्यानं किनाऱ्यावर राहायचं, सोबतीला कुणी नाही. फी आपल्या पैशात लाखांमध्ये मोजायची.

कुणी म्हणेल, हे सगळं आम्हाला कशाला सांगतोस? बादलीभर पाण्यात अंघोळ शिकायला लाखो रुपये भरायचे, हे ऐकून आमच्या पाटोद्या-शिरूरची माणसं हसतील. हसावंच. मलाही आधी हसू आलं. ज्याच्या घरी सगळं आहे त्यानं चार महिने ‘नाही’ची चव घ्यायची आणि त्याचं प्रमाणपत्र कॉलेजच्या अर्जाला जोडायचं. त्या बेटावरच्या स्थानिक पोरांना तेच ‘नाही’ फुकटात मिळतं, हेही खरंच. (त्या शाळेला हे उमगलं असावं, कारण त्यांनी शेजारच्या डीप क्रीक गावात स्थानिक मुलांसाठी वेगळी माध्यमिक शाळा २००१ मध्येच सुरू केली.)

पण हसून झाल्यावर एक गोष्ट डोक्यात राहते. तिथं पहिल्या आठवड्याचा विचार झालेला असतो. पोरगं उतरल्या क्षणापासून त्याला कुणाच्या तरी हवाली केलेलं असतं. कुठं झोपायचं, कुणासोबत, सकाळी कुठं जमायचं, समुद्रात पहिल्यांदा उतरताना शेजारी कोण असणार. पहिले दिवस मुद्दाम भरगच्च ठेवलेले, अंग थकवणारे, म्हणजे रात्री उशीत तोंड खुपसून रडायला फार वेळ उरू नये. पंधरा वर्षांच्या, पोहता येणाऱ्या, पासपोर्ट असणाऱ्या, परत जायचं विमानाचं तिकीट खिशात असणाऱ्या पोरासाठी एवढी तयारी. आणि आपण सात वर्षांच्या पोरीला काय देतो?

आता आपला पहिला आठवडा बघू.

गाडी बहुतेक रात्री नाहीतर भल्या पहाटे निघते. ट्रकमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पीठ-मीठ, सरपण, कोंबड्या, कधी शेळी, खोपीसाठी ताडपत्री आणि वर माणसं. मागं राहणारं लेकरू झोपेत असतानाच गाडी जावी, असा पुष्कळ आयांचा प्रयत्न असतो. त्यांना वाटतं, रडारड टळेल. सकाळी लेकरू उठतं तेव्हा चूल थंड असते आणि आजी दारात बसलेली असते.

अशा कितीतरी आज्यांशी गेल्या काही वर्षांत बोललोय. एकीनं सांगितलेलं वाक्य माझ्या वहीत आहे. “माय गेली की पयले चार दिस लेकरू माझ्या तोंडाकडं बघतच न्हाई. मीच तिच्या मायला धाडलंय असं वाटतं त्याला.” दुसरी म्हणाली, नातू दिवसा चांगला खेळतो, पण तिन्हीसांजेला ट्रॅक्टरचा आवाज आला की ताटावरून उठून रस्त्याकडं पळतो. कुणाचं पोट दुखतं, कुणाला ताप येतो. दवाखान्यात नेलं तर काही निघत नाही. मोठ्या बहिणी लहान भावाला सांभाळतात आणि त्यांना कुणी सांभाळत नाही. आजीचे गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू आणि पदरात तीन-चार नातवंडं, कारण तिची दोन्ही लेकं कोयत्यावर गेलेली.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो. आईचा. ऊसाच्या फडातून, दुसऱ्याच्या मोबाईलवरून. लेकरू फोनवर रडतं, तिकडं आई रडते आणि बाप म्हणतो, ते काय नाय, मागची गाडी येणारे परवा, त्यात बसवून द्या त्याला. ही ‘मागची गाडी’ लक्षात ठेवा. टोळीतली सगळी माणसं एका दिवशी जात नाहीत. कुणाचं कापूस वेचायचं राहिलेलं असतं, कुणाच्या घरी लग्न नाहीतर दहावा. त्यांच्यासाठी आठ-दहा दिवसांनी दुसरी गाडी निघते. शाळेतली जेवढी लेकरं हंगामात गळतात, त्यातली बरीचशी या मागच्या गाडीतून जातात. एका मुख्याध्यापकांचं गणित साधं आहे. ते म्हणाले, “पहिला आठवडा टिकलं तर लेकरू मार्चपर्यंत टिकतं. मला सहा महिन्यांची काळजी नाही हो, मला त्या आठ दिवसांची काळजी आहे.”

त्यांचं हे निरीक्षण पुस्तकातल्या शहाणपणाशीही जुळतं. घराच्या ओढीनं लेकरं आजारी पडतात यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियतकालिकात २००७ साली एक सविस्तर लेख आला होता. त्याचा सार असा. लेकराला आधी सांगा, किती दिवस ते नीट समजावून सांगा, दिनदर्शिकेवर दाखवा. जायच्या-राहायच्या निर्णयात त्याला सामील करून घ्या. आधी एखाद-दोन रात्री आईबापाविना राहायची सवय करू द्या. आणि ‘नाही करमलं तर लगेच न्यायला येईन’ असं वचन चुकूनही देऊ नका, कारण मग लेकरू करमवून घ्यायच्या ऐवजी वाट बघत बसतं. आमच्याकडं नेमकं सगळं उलटं. सांगायचं नाही, झोपेत सोडून जायचं आणि तिसऱ्या दिवशी मागच्या गाडीचं वचन द्यायचं. आईबापाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना हे सांगायला कोण गेलंय? मतदानाला गावी घेऊन यायला गाड्या पाठवणारे पुढारी पुष्कळ आहेत.

आता मुख्य मुद्दा. लक्ष देऊन वाचा, कारण तो इतका उघडा आहे की कुणाला दिसतच नाही.

आईबाप जातात ते दिवस कोणते? दिवाळीच्या आगंमागं. आणि शाळेला सुट्टी कधी असते? दिवाळीत. म्हणजे ज्या आठवड्यात लेकरू पहिल्यांदा एकटं पडतं, नेमक्या त्याच आठवड्यात शाळेला कुलूप असतं. दुपारची खिचडी नाही, बाई नाहीत, सर नाहीत, सोबती नाहीत, घंटा नाही. सर आपल्या गावाला गेलेले, बाई माहेरी. गाव निम्म्याहून जास्त रिकामं. वस्त्या आणि तांडे तर असे होतात की हाक मारली तर ओ द्यायला फक्त म्हातारं माणूस नाहीतर कुत्रं. तिकडं श्रीमंतांची पोरं बेटावर जातात, इकडं आपल्या लेकरांच्या भोवतीचं सगळं वाहून जातं आणि ती जागच्या जागी बेटावर पडतात.

सुट्टी संपते, शाळा उघडते. तेव्हा वसतिगृह सुरू होतं का? तेही नाही. कारण आता प्रस्ताव. मुख्याध्यापकानं सर्वेक्षण करून यादी करायची, समितीचा ठराव घ्यायचा, केंद्रप्रमुखाकडून गटशिक्षण कार्यालयात, तिथून जिल्ह्याला. मग पडताळणी. एकेकाळी या योजनेत कागदावर पोरं दाखवून पैसे उचलण्याचे प्रकार झाले, ओरड झाली, म्हणून पडताळणी कडक झाली, हजेरीला अंगठ्याची यंत्रं आली. पडताळणीला माझा विरोध नाही, उलट ती हवीच. पण तिची वेळ बघा. पडताळणी करणारा साहेब विचारतो, आईबाप खरंच स्थलांतरित झालेत का? म्हणजे आईबाप गेल्याशिवाय लेकरू पात्र ठरत नाही. आणि पात्र ठरेपर्यंत लेकरू राहत नाही. मंजुरी हातात पडते तेव्हा ज्यांच्यासाठी ती आहे त्यातली किती लेकरं तिकडं फडात वाढं गोळा करायला आणि खोपीत धाकट्याला झोका द्यायला गेलेली असतात! मग साहेब म्हणतात, पटसंख्या कमी आहे, मागणीच नाही.

आम्हा पत्रकारांना या विषयावर बातमी करणं सोपं आहे. ‘हंगामी वसतिगृहे कागदावरच’ हा मथळा दर नोव्हेंबरला आयता असतो. डेस्कवरचा पोरगा तारीख बदलतो फक्त. पण कागदावर आहेत का जमिनीवर, यापेक्षा कोणत्या तारखेला जमिनीवर येतात हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डिसेंबरात सुरू झालेलं वसतिगृह कितीही चांगलं चाललं, रोज भाजी बदलली, अंडी दिली, तरी ते उरलेल्या लेकरांचं वसतिगृह आहे. गेलेल्यांचं नाही.

त्यामुळं माझं म्हणणं एवढंच आहे. राज्याचा गाळप हंगाम कधी सुरू करायचा हे मंत्री समिती ठरवते. मुख्यमंत्री बैठक घेतात, तारीख जाहीर होते, सगळ्या पेपरात छापून येते. ऊस कधी तोडायचा हे ठरवायला मंत्रालयात बैठक होते. मग त्याच बैठकीत, त्याच कागदावर दुसरी ओळ का येऊ नये, की या तारखेच्या पंधरा दिवस आधी स्थलांतराच्या पट्ट्यातली सगळी हंगामी वसतिगृहं सुरू झालेली असतील? आईबाप गावात असताना. दिवाळीची सुट्टी असली तरी. म्हणजे पहिले काही दिवस लेकरू रात्री शाळेत जेवेल आणि घरी आईच्या कुशीत झोपेल. आईला दिसेल स्वयंपाक कोण करतं, कसा करतं. लेकराला दिसेल शेजारच्या ताटावर कोण बसतं. मग गाडी निघेल तेव्हा फक्त आई जाईल, बाकीचं सगळं कालच्यासारखंच राहील. यादी तर ऑगस्ट-सप्टेंबरातच करता येते. गावात कोण कोयत्याला जाणार हे मुकादमाला जून-जुलैत माहीत असतं, उचल त्याच दिवसांत वाटली जाते. मुकादमाला जे उन्हाळा सरताच कळतं ते शासनाला डिसेंबरात का कळावं?

सुट्टीत शिक्षकांनी यायचं का, असा प्रश्न लगेच येईल. आला पाहिजे. मी शिक्षकांच्या विरोधात नाही. आधीच त्यांच्या मागं निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळी कामं. पण पहिल्या आठवड्याला शिक्षकच लागतो असं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बाया गावातल्याच, त्या दिवाळीतही गावातच असतात. बारावी झालेल्या, गावात बसून असलेल्या पोरी-पोरं प्रत्येक गावात आहेत. महिनाभराचं मानधन देऊन संध्याकाळी दोन-तीन तास लेकरांना गोळा करणारं, खेळवणारं, पुस्तक वाचून दाखवणारं एक माणूस नेमणं राज्याला जड आहे का? कारखान्यांकडून टनामागं १० रुपये आणि तेवढेच सरकारचे, असं ऊसतोड कामगार महामंडळासाठी ठरलेलं आहे. गोपीनाथ मुंडेंच्या नावाचं महामंडळ आहे. त्या १० रुपयांतला एखादा पैसा पहिल्या आठवड्याच्या नावानं निघायला हरकत नसावी.

फोनचंही बघा. बेटावरच्या शाळेत मोबाईल काढून घेतात आणि पोरं पत्रं लिहायला शिकतात, त्याचं कौतुक होतं. ठीक आहे, त्यांच्या पोरांना मोबाईलचा अजीर्ण झालाय. आपल्या लेकराला उलट औषध पाहिजे. आईचा फोन ठरलेल्या वेळेला यायला हवा, कधीही नाही. फडातली बाई पहाटे चारला उठते, रात्री गाडी भरून खोपीवर येते, तिला रेंज नसते, चार्जिंग नसतं. मग फोन येतो तो कधीतरी, अवचित, आणि लेकरू पुन्हा पहिल्या दिवसावर जातं. वसतिगृहाच्या नावानं एक साधा मोबाईल, रोज किंवा एक दिवसाआड संध्याकाळी ठरलेली वेळ, लेकरांच्या पाळ्या. यासाठी शासन निर्णयाची गरज नाही. काही शिक्षक स्वतःच्या फोनवरून हे करतात आणि कुठं बोलूनही दाखवत नाहीत. अशांची नावं छापली की त्यांना त्रास होतो, म्हणून छापत नाही.

मुलींचं थोडं वेगळं सांगावं लागेल. बारा-तेरा वर्षांची मुलगी मागं ठेवायची तर जेवणाची सोय पुरत नाही. आई विचारते, रात्री झोपणार कुठं? आजी आंधळी, दाराला कडी नाही, शेजारी कोण कसा सांगता येत नाही. मग दोनच वाटा. एकतर सोबत न्यायचं, खोपीवर स्वयंपाकाला. नाहीतर लग्न उरकून टाकायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायांमध्ये ४० टक्क्यांहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. त्यावर जनजागृतीचे रथ फिरले, पथनाट्यं झाली, शपथा झाल्या. मी त्या रथांच्या बातम्याही केल्यात. पण लग्नाच्या आकड्यामागं दाराची कडी आहे, हे त्या रथावर कुठं लिहिलेलं मला दिसलं नाही. मुलींसाठी खरोखरच झोपायची, बाई अधीक्षक असलेली जागा पाहिजे. आणि ती दिवाळीच्या आधी उघडलेली पाहिजे.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आणली. ४१ तालुके, प्रत्येक तालुक्याला मुलांचं एक आणि मुलींचं एक, अशी ८२ वसतिगृहं, प्रत्येकी १०० जागा. निर्णय चांगलाच आहे, त्याचं श्रेय ज्यानं त्यानं घ्यावं. पण हिशोब केला तर सगळीच्या सगळी पूर्ण भरली तरी ८,२०० जागा होतात. स्थलांतर करणाऱ्यांची संख्या बघा आणि हा आकडा बघा. शिवाय ही तालुक्याच्या गावची वसतिगृहं. थोरल्या पोरांसाठी ठीक. दुसरी-तिसरीतलं लेकरू आजीचं गाव सोडून तिकडं कसं जाईल? त्याला गावातलीच सोय लागणार. म्हणून मोठी इमारत झाली की हंगामी वसतिगृहाचा विषय मिटला, असं कुणी समजू नये.

काही मित्र म्हणतात, लेकरू आईपासून तोडायचंच कशाला? आईसोबत जाऊ द्या, तिकडं शाळा द्या. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. एकेकाळी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालायच्या, त्यातल्या काही खूप चांगल्या होत्या. शिक्षण हक्काचा कायदा आल्यावर लेकरांना जवळच्या नियमित शाळेत घालायचं धोरण आलं, हातात शिक्षण हमी कार्ड द्यायचं ठरलं. कागदावर हे सुंदर दिसतं. पण फड आज इथं, पंधरा दिवसांनी वीस किलोमीटर पुढं. कर्नाटकात गेलेल्या लेकरापुढं कन्नड फळा. आणि खोपीवर थांबलेल्या आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंड असतंच, ती कार्ड घेऊन कुठं जाणार? खरं तर सहा वर्षांखालचं लेकरू आईसोबतच असावं आणि त्याच्यासाठी फडाजवळ पाळणाघर असावं, असं माझं मत आहे. त्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल. पण शाळेतल्या लेकराला गावात आधार मिळत असेल तर ते गावात राहिलेलं बरं, हे मी डोळ्यानं बघून सांगतोय. एका वाडीत सलग तीन हंगाम टिकलेली मुलगी आज नर्सिंगला आहे. तिच्या वर्गातल्या चौघी मागच्या गाडीनं गेल्या होत्या, त्यांच्या कडेवर आता स्वतःची लेकरं आहेत.

या वर्षी हंगामाची तारीख जाहीर झाली की एक काम करा. ज्यांची गावं या पट्ट्यात आहेत त्यांनी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. यादी तयार आहे का? प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला? आणि दिवाळीच्या सुट्टीत या लेकरांना रात्री कोण जेवू घालणार आहे? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा थोडा वेळ गप्प बसेल. त्यांच्यावर चिडू नका, त्यांनाही हा प्रश्न याआधी कुणी विचारलेला नसतो. उत्तरं गाव आणि तारखेसह खाली लिहा, कुणाचं नाव लिहू नका. आमच्या तालुक्यातल्या जेवढ्या शाळांना मला फोन करता येतील तेवढे मी करतोय. गाड्या भरायच्या आत ती यादी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जायचंय. कुणाला सोबत यायचं असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.